चौथ्या प्रॅक्टिकलची सही

संगणक आणि नेटवर्कची सुरक्षा हा विषय मी तीन वर्षं शिकलो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम निळ्या पेनानं केलं. कुणाला सांगितलं तर पटत नाही. गावाकडं सगळ्यांना वाटायचं, पोरगा दिवसभर काळ्या स्क्रीनसमोर बसून चोर पकडायला शिकतोय. मी जर्नल लिहीत होतो. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला कोरं पान. रेघांवर संगणकाला द्यायच्या आज्ञा उतरवायच्या, कोऱ्या पानावर स्क्रीनवर जे दिसलं ते पेन्सिलीनं काढायचं. फायरवॉल म्हणजे भिंत काढायची, विटांसकट. विटा वाकड्या आल्या तर मार्क जायचे.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. संभाजीनगरच्या बाहेर, विद्यापीठाला जोडलेलं असं एक कॉलेज, एवढं पुरे. माझं गाव किनवटच्याही पलीकडं. सकाळी एसटीत बसलं तर दिवस मोडतो, आणि उतरल्यावर पुढं जीप बघावी लागते.

शाळा मी आठवीत सोडली. कुणी सोडायला लावली नाही, घरात तेवढी अडचणही नव्हती. गणिताच्या वहीवर एकदा आडवी लाल फुली आली. उत्तर बरोबर होतं असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी रागानं गेलो नाही, तिसऱ्या दिवशी लाजेनं गेलो नाही, आणि आठवड्यानं बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसलो ते पुष्कळ वर्षं बसलो. तिथं लोक फोन उघडून द्या म्हणून यायचे. पासवर्ड विसरलाय म्हणायचे, आणि तो फोन त्यांचाच आहे का हे मला कधी कळायचं नाही. तिथून ह्या विषयाची खोड लागली. मग शाळेत न जाता बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी, मग बारावी, आणि वयाच्या पंचविशीत मी ह्या शहरात आलो. पोटात एकच भीती घेऊन: ज्यानं एकदा सोडलं तो परत सोडू शकतो.

पहिल्याच दिवशी सोडायची वेळ आली होती. प्रवेशाचा शेवटचा दिवस. खिडकीतल्या बाबूनं कागद चाळले आणि विचारलं, आठवी कधी, दहावी कधी, मधल्या काळाचं प्रतिज्ञापत्र कुठंय. माझ्याकडं नव्हतं. चारला खिडकी बंद होणार होती. मी पिशवी उचलून निघालोच होतो, तेवढ्यात बाजूला स्वतःच्या कामासाठी उभ्या असलेल्या एका माणसानं मला थांबवलं. तेच पुढं आमचे सर. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे असतील. त्यांनी मला गाडीवर मागं बसवून कोर्टापाशी नेलं, टाइप करणाऱ्यासमोर उभं केलं. अर्जदाराला ओळखणारा माणूस लागतो म्हटल्यावर त्यांनी स्वतःच सही केली. ‘मी ह्यांना व्यक्तिशः ओळखतो.’ आमची ओळख होऊन वीस मिनिटं झाली होती.

त्या सहीवर मी तीन वर्षं शिकलो. त्यामुळं सरांविषयी पुढं जे लिहायचंय ते लिहिताना हात अडखळतो.

सर तासिकांवर होते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. दोन कॉलेजांत शिकवायचे, एकीकडून दुसरीकडं जाताना डबा खायचे. शिकवायला बसले की छान शिकवायचे. पण बसायला मिळायचं कुठं? नेटवर्क सुरक्षेच्या लॅबमध्ये नेटवर्क बंद असायचं. वीस संगणकांपैकी अकरा चालायचे. सरांनी पेनड्राइव्ह लावला की संगणक त्यांचेच धडे व्हायरस समजून पुसून टाकायचा, आणि सर फळ्याकडं वळायचे. मग जर्नल. तीन वर्गांची जर्नलं त्यांच्या टेबलावर थप्पी लावून ठेवलेली असायची, आणि सर मान खाली घालून सह्या करत असायचे.

वर्गात आम्ही बेचाळीस. मी सगळ्यांत मोठा, म्हणून मला ‘काका’ म्हणायचे. सुरुवातीला चिडवायला, नंतर सवयीनं. आणि वर्गात एक मोठी फाइल होती. कुठल्या तरी जुन्या बॅचच्या कुणाचं तरी जर्नल, खाकी पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं, दरवर्षी खालच्या वर्गाकडं सोपवलेलं. त्यात बाराही प्रॅक्टिकल सह्यांसकट होती. तिच्यावरून पोरं उतरवून घ्यायची. लॅब चालत नसेल तर दुसरं करणार काय, हेही खरंच आहे. मी उतरवत नव्हतो. शहाणपणानं नाही, भीतीनं. मला वाटायचं, परीक्षा घ्यायला दुसऱ्या कॉलेजातून येणारे बाहेरचे सर विचारतील, करून दाखव, आणि माझं बिंग फुटेल. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये जाऊन चालू संगणक धरून बसायचो.

शेवटच्या सहामाहीतलं चौथं प्रॅक्टिकल हॅशचं होतं. हॅश म्हणजे मजकुराचा ठसा. तुम्ही काहीही लिहा, एक शब्द किंवा अख्खं पुस्तक, त्यातून ठरावीक लांबीची अक्षरं-आकड्यांची ओळ निघते. एक वेलांटी बदलली तरी ओळ पार बदलते. सरांनी कधीतरी स्वतः बनवलेला एक छोटा प्रोग्रॅम लॅबमध्ये होता. वर एक चौकट, खाली बटण. चौकटीत स्वतःचं नाव टाकायचं, बटण दाबायचं, बत्तीस अक्षरांची ओळ येते ती जर्नलमध्ये उतरवायची. खाली निष्कर्ष लिहायचा: वेगळ्या मजकुराचा हॅश वेगळाच येतो.

मी माझं नाव टाकलं, आलेली ओळ तीनदा तपासून लिहिली. ती मला अजून पाठ आहे. नऊ-सी-सात अशी सुरू होते.

परीक्षेच्या चार दिवस आधी जर्नलं परत मिळाली. माझ्या अकरा प्रॅक्टिकलवर सही होती. चौथ्यावर लाल गोल, आणि बाजूला, ‘आउटपुट चूक. पुन्हा करून आणणे.’ बाराही सह्या झाल्याशिवाय पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर सही नाही. ती नाही तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे वर्ष गेलं.

मी लगेच लॅबमध्ये जाऊन परत केलं. तीच ओळ. मग माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या मित्राचं जर्नल मागितलं. हा वैजापूरचा, घरचा भुसार मालाचा धंदा, आमच्याच वर्गात. त्याच्या चौथ्यावर सही होती. त्याची ओळ डी-चार-एक-डी-आठ अशी सुरू होत होती. शेजारच्याचं उघडलं. डी-चार-एक-डी-आठ. मग एकेक करत सगळ्या वर्गाची बघितली. एकेचाळीस जणांची एकेचाळीस नावं, त्यांच्यात एकही नाव दुसऱ्यासारखं नाही, आणि सगळ्यांचा हॅश एकच. खाली प्रत्येकानं वळणदार अक्षरात लिहिलेलं, वेगळ्या मजकुराचा हॅश वेगळाच येतो.

मी सरांकडं गेलो. ते दुसऱ्या कॉलेजला निघाले होते, हेल्मेट हातात. मी म्हणालो, सर, चौथ्याचं माझं उत्तर परत तेच येतंय. त्यांनी घड्याळ बघितलं.

“बाकी एकेचाळीस जण चुकले आणि तू एकटा बरोबर, असं म्हणायचंय का तुला?”

म्हणायचं तेच होतं. पण ज्या माणसानं वीस मिनिटांच्या ओळखीवर माझ्यासाठी सही केली, त्याला हे कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं. मी म्हणालो, नाही सर, परत बघतो.

खोलीवर येऊन मी आदळआपट केली. मित्र पंख्याखाली आडवा पडून ऐकत होता. त्याच्या मते प्रश्नच नव्हता. “कायकू इत्ता सोचते भाई. बत्तीस अक्षर हैं, छाप डालो. सही मिळाली की विषय खल्लास.” मी म्हणालो, ते माझ्या नावाचं नाही. तो म्हणाला, “मेरे नाम का बी नहींच है. सरांनी सही केली का नाय?”

मी नवं पान घेऊन बसलो. पेन टेकवलं आणि तिथंच अडलो. परीक्षेत बाहेरच्या सरांनी नाव टाकायला लावलं आणि हे आलं नाही तर काय सांगायचं? माझ्या डोक्यात तेव्हा खरेपणा वगैरे काही नव्हतं. फक्त पकडले जायची धास्ती होती. आणि त्याखाली राग. शाळेतल्या त्या फुलीपासूनचा राग म्हणा. मग ठरवलं, उतरवायचंच असेल तर निदान हा ठसा कुणाच्या नावाचा आहे ते शोधू. ठशावरून उलट जाता येत नाही. पण एकेक नाव टाकून बघता येतं. पासवर्ड फोडणारे तेच करतात, आणि आमच्या अभ्यासक्रमात तो धडा होता. विटांच्या भिंतीसारखाच, चित्र काढून शिकवलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅब रिकामी होती. बाहेर एप्रिलचं ऊन, खिडक्यांना लावलेले पेपर पिवळे पडलेले. मोठ्या फाइलच्या पुठ्ठ्यावरचं पुसट झालेलं नाव मी चौकटीत टाकलं. नाही. आडनाव आधी. नाही. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मग लहान अक्षरांत. वर्गातली नावं, गावांची नावं, कन्नड, वैजापूर. मनात अपराधी वाटत होतं तरी सरांचंही नाव टाकलं. एक नाही. तासभर गेला. शेवटी चौकट पुसली, कंटाळून टेबलावर हात आपटला, आणि तो कीबोर्डवरच्या एंटरवर पडला.

खाली ओळ आली. डी-चार-एक-डी-आठ.

मी चौकटीकडं बघितलं. चौकट कोरी होती. परत दाबलं. तीच ओळ, शेवटच्या अक्षरापर्यंत. कोऱ्याचाही ठसा असतो हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण तो कधी बघितला नव्हता. कधीतरी कुणीतरी घाईत नाव न टाकताच बटण दाबलं होतं, आलं ते लिहिलं होतं, त्यावर सही झाली होती, आणि तेव्हापासून ह्या कॉलेजातली पोरं आपल्या नावाखाली तेच लिहीत आली होती.

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. पहिला विचार आला तो हा की हे सरांना सांगितलं तर त्यांचा अपमान, आणि नाही सांगितलं तर माझं वर्ष.

संध्याकाळी सर लॅबमध्ये एकटे सापडले. मी म्हणालो, सर, दोन मिनिटं फक्त ह्या संगणकावर या. त्यांना बसवलं. म्हणालो, तुमचं नाव टाका. त्यांनी टाकलं, ओळ आली. आता पुसा, काहीच टाकू नका, दाबा. त्यांनी दाबलं. मी मित्राचं जर्नल शेजारी उघडून ठेवलं होतं. सरांनी स्क्रीनवरून बोट फिरवलं, मग जर्नलवरून. बत्तीसच्या बत्तीस अक्षरं.

“कुणाकुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही, सर.”

“मी वाचत होतो रे सुरुवातीला,” ते म्हणाले. “पहिली दोन वर्षं सगळं वाचायचो. नंतर नुसतं जुळतंय का बघायला लागलो.”

त्यांनी माझं जर्नल ओढून लाल गोलावर काट मारली आणि सही केली. पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावरही केली. मग सीआरला, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीला, फोन लावून सांगितलं, उद्या सगळ्यांनी लॅबमध्ये यायचं, प्रत्येकानं स्वतःचं नाव टाकून चौथं परत करायचं आणि नवं पान जुन्यावर चिकटवायचं. मी पायऱ्या उतरताना पाय हलके झाले होते. वाटलं, तीन वर्षांत एक गोष्ट तरी धड झाली.

सीआर देवगाव रंगारीचा. अंगानं धिप्पाड, मनानं वाईट नाही, पण परीक्षा दोन दिवसांवर आली असताना बेचाळीस जणांना हलवायचं काम त्याच्या गळ्यात माझ्यामुळं पडलं हे त्याला कळायला वेळ लागला नाही. सकाळी लॅबच्या दारातच त्यानं मला गाठलं.

“काका, तुमचं लग्नाचं वय निघून चाललं अन् तुम्ही पोरांच्या मागं लागले व्हय?”

पोरं हसली. मी म्हणालो, माझं चौथं झालंय, मला काय. हे बोलायला नको होतं. मग सगळेच सुरू झाले. कुणाचा पान चिकटवायचा गम गुलमंडीच्या बाजारातून आणायचा राहिला होता, कुणाचं तोंडीचं वाचन राहिलं होतं. त्यात अकरा संगणकांपैकी त्या दिवशी सात चालू. अर्ध्या तासानं लाइट गेली. सर दुसऱ्या कॉलेजात. सीआर माझ्यापाशी आला, आवाज जरा खाली आणून म्हणाला, तुमचं जर्नल द्या, पोरांना नमुना दाखवतो, पान कसं लिहायचं ते.

मी दिलं. बजावलं सुद्धा, की ओळ प्रत्येकाची वेगळी येईल, माझी बघून लिहू नका.

“व्हय व्हय, कळतंय ना. लई शिकवू नका.”

जर्नल मला परत मिळालं नाही, थेट परीक्षेच्या दिवशी टेबलावरच्या थप्पीत दिसलं.

बाहेरचे सर दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते आणि त्यांना दुपारची गाडी धरायची होती. आमचे सर त्यांच्या शेजारी बसले होते. माझा नंबर आला तेव्हा बाहेरचे सर जर्नलं चाळत होते. गमानं पानं फुगली होती, त्यामुळं कुठलंही जर्नल हातात घेतलं की ते आपोआप चौथ्या प्रॅक्टिकलवर उघडायचं.

“हे काय, सगळ्यांनी चौथं नव्यानं केलंय?”

“एक दुरुस्ती होती,” आमचे सर म्हणाले.

बाहेरच्या सरांनी तीन जर्नलं शेजारीशेजारी उघडून ठेवली. मी समोर उभा होतो. अक्षरं उलटी दिसत होती, पण मला वाचायची गरज नव्हती. नऊ-सी-सात. दुसऱ्यातही नऊ-सी-सात. तिसरं माझ्या वैजापूरच्या मित्राचं, त्याच्या नावाखाली नऊ-सी-सात. माझं एकट्याचं पान सही झालेलं होतं, म्हणजे तेच बरोबर उत्तर. पोरांनी साधा हिशेब केला होता.

“जुळतंय सगळ्यांचं. छान,” बाहेरचे सर म्हणाले आणि माझ्याकडं वळले. हॅशचा उपयोग काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मजकूर कुणी बदललाय का ते कळतं.

“आणि दोन वेगळ्या नावांचा हॅश एकच येऊ शकतो का?”

तिन्ही जर्नलं त्यांच्या कोपराखाली उघडी होती. मी आमच्या सरांकडं बघितलं. त्यांची नजर जर्नलांवर होती, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं, त्यांनाही आत्ताच दिसलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“येत नाही, सर,” मी म्हणालो. “आला तर कुठंतरी घोटाळा आहे.”

“शाब्बास,” बाहेरचे सर म्हणाले, आणि तिन्ही जर्नलं मिटवली.

एक वाक्य पुढं बोलायचं होतं. बघा, घोटाळा तुमच्या हाताखालीच आहे, एवढंच. जिभेवर आलं होतं. पण बोललो असतो तर एकेचाळीस पोरांची वर्षं टेबलावर आली असती, आणि सरांची तासिकांची नोकरी. आणि माझंही काय झालं असतं कुणास ठाऊक. मी ‘थँक्यू सर’ म्हणून बाहेर आलो. व्हरांड्यात सीआर भेटला. खूश होता. म्हणाला, काका, तुमचं अक्षर बरं हाय, पटापट झालं सगळ्यांचं. मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. त्याला कळलंच नाही कशाबद्दल, आणि लाइट गेल्यावर त्यानं तरी काय करायला पाहिजे होतं ते मलाही सांगता आलं नाही.

निकाल लागला. सगळे पास. घरी फोन केला, तिकडं आनंद. मी मात्र ठरवलं होतं की सरांशी बोलायचं. भांडायला नाही. एवढंच म्हणायला की सर, पुढच्या पोरांकडून तरी लॅबमध्ये समोर बसवून करून घ्या, हवं तर मी येऊन बसतो. वाक्यं मनात जुळवून पेढे घेऊन गेलो. सर जर्नलांच्या थप्पीआड होते, नवीन वर्गाच्या. पेढा अर्धा मोडून खाल्ला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, एमएस्सीचे अर्ज सुटलेत, तुझं ते मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र परत लागेल, जुनं चालणार नाही. शनिवारी ये, कोर्टापाशी जाऊन करून टाकू, मी असतो ओळखायला.

मी जे बोलायला गेलो होतो ते तसंच राहिलं. म्हणालो, सर, तुमचे फार उपकार आहेत. ते खरंच होतं, आणि त्याचाच मला त्या वेळी सगळ्यांत जास्त राग आला.